आधी खतावणी, मग पायाभरणी

व्यापारी मनुष्य रोजची कीर्द मिळविल्यावाचून दुकानाची फळी लावीत नाही. पाच रुपयांचा फरक निघाला तरी तो शोधून काढल्याखेरीज त्याला चैन पडत नाही. परंतु तोच गृहस्थ जेव्हा घर, पेढी अथवा गोदाम बांधावयास काढतो, तेव्हा आयुष्यातील सर्वांत मोठ्या खर्चाचा खरा आकडा त्याला बहुधा गृहप्रवेशाच्या सुमारासच कळतो. संघाचे सभागृह किंवा छात्रालय बांधावयाचे असेल तर प्रश्न अधिकच नाजूक होतो. कारण तेथे पैसा दात्यांचा असतो आणि वाढलेल्या प्रत्येक रुपयाचे उत्तर कार्यकारी मंडळास द्यावे लागते. अशा कामी आज जगभर वापरली जाणारी एक पद्धती आपल्या सभासद बंधुभगिनींना परिचित करून द्यावी, आणि विशेषतः ती वापरण्याची योजना कशी आखावी हे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोष कोठे आहे?

बांधकामाचा खर्च वाढतो तो केवळ कोणाच्या लबाडीमुळे, असे मानण्याचा आपला प्रघात आहे. वस्तुतः पुष्कळ वेळा सर्वजण प्रामाणिक असूनही खर्च वाढतो. एका इमारतीची चित्रे निदान चार हातांनी निघतात. वास्तुशिल्पी खोल्या व दारे-खिडक्या दाखवितो; संरचना अभियंता कॉलम, बीम आणि सळई ठरवितो; विजेचे काम करणारा आपली वाट आखतो; नळ व सांडपाणी पाहणारा आपली. प्रत्येकाचे चित्र आपापल्या जागी बिनचूक असते. परंतु ही चारही चित्रे एकमेकांवर ठेवून कोणी पाहिलेली नसतात. अनेकांतवादाचे संस्कार लाभलेल्या समाजास हे निराळे समजावून सांगावयास नको. प्रत्येकाची दृष्टी सत्याचा एक अंश पाहते, आणि तोच अंश संपूर्ण मानला की घोटाळा होतो. येथे तो घोटाळा भर काँक्रीटमध्ये होतो. सांडपाण्याचा नळ नेमका बीमच्या आड येतो. मग एकतर बीमला भोक पाडून त्याचे बळ कमी करावयाचे, नाहीतर नळ वळवून छत खाली आणावयाचे.

दुसरे उदाहरण हिशेबाचे घेऊ. सभागृहाचा स्लॅब २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि १२.५ सेंटिमीटर जाड धरला तर काँक्रीट २५ घनमीटर लागते. पुढे अभियंत्याने भार पाहून जाडी १५ सेंटिमीटर केली, तर तेच ३० घनमीटर होते. एकास दीड आणि तीन या प्रमाणातील मिश्रणाला घनमीटरमागे सुमारे ८ पोती सिमेंट धरतात. म्हणजे एकट्या स्लॅबमागे ४० पोत्यांचा फरक पडला. अभियंत्याच्या चित्रात जाडी बदलली, परंतु खरेदीच्या यादीत ती बदललीच नाही, तर स्लॅब ओतण्याच्या दिवशी धावपळ होणार आणि मिळेल त्या दराने माल उचलावा लागणार.

ही पद्धती म्हणजे काय?

या पद्धतीस 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' असे म्हणतात व तिचा उल्लेख 'बिम' या आद्याक्षरांनी होतो. मराठीत तिला 'वास्तु-माहिती-प्रतिरूप' म्हणता येईल. इमारत जमिनीवर बांधण्यापूर्वी ती संगणकात, तिच्या प्रत्येक भागाच्या माहितीसह उभी करावयाची, हे तिचे मर्म होय. साध्या चित्रात भिंत म्हणजे दोन रेघा. येथे मात्र ती भिंत आपली जाडी, वीट, गिलावा आणि क्षेत्रफळ स्वतःजवळ बाळगते. खिडकी एका ठिकाणी रुंद केली की नकाशा, दर्शनी चित्र, छेदचित्र आणि मालाची यादी या सर्वांत तो बदल आपोआप उमटतो. खतावणीत एक रक्कम दुरुस्त केल्याबरोबर ताळेबंदापर्यंत सर्व आकडे सुधारावेत, तसाच हा प्रकार आहे. या त्रिमिती प्रतिरूपास कामाच्या वेळापत्रकाची जोड दिली की ते चतुर्मिती होते, आणि खर्चाची जोड दिली की पंचमिती.

ही कल्पना काही कालपरवाची नव्हे. अमेरिकेत चार्ल्स ईस्टमन यांनी १९७० नंतरच्या दशकातच इमारतीचे असे वर्णन संगणकात साठविण्याचा विचार मांडला होता. ब्रिटिश सरकारने एप्रिल २०१६ पासून आपल्या केंद्रीय खात्यांच्या बांधकामांसाठी ही पद्धती आवश्यक केली. २०१८ साली 'आयएसओ १९६५०' या आंतरराष्ट्रीय मानकाचे पहिले दोन भाग प्रसिद्ध झाले.

नागपूरचे उदाहरण

मराठी मुलखात या पद्धतीचे ठळक उदाहरण म्हणजे नागपूरची मेट्रो. ऑगस्ट २०१४ मध्ये तिची कोनशिला बसली. मार्च २०१९ मध्ये पहिली प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला. सुमारे ३८ किलोमीटरचे दोन मार्ग आणि मंजुरीच्या वेळी सुमारे ८,६८० कोटी रुपयांचा अंदाज, असे हे प्रचंड काम. केंद्र व महाराष्ट्र सरकारांच्या संयुक्त मालकीच्या महामेट्रो कंपनीने येथे पंचमिती पद्धती अंगीकारली. प्रतिरूपासाठी बेंटली, वेळापत्रकासाठी प्रायमाव्हेरा, परिमाण व खर्चाची सांगड घालण्यासाठी आरआयबी आणि हिशेबासाठी सॅप, अशा निरनिराळ्या संगणक-प्रणाली एकत्र गुंफण्यात आल्या.

आपण यातून घ्यावयाचा धडा प्रणालींच्या नावांत नाही. चित्र, वेळापत्रक आणि हिशेब एकमेकांशी बोलावयाचे असतील, तर एखाद्या खांबाला तिन्ही ठिकाणी एकच सांकेतिक नाव असावे लागते. हे नामकरण काम अर्ध्यावर आल्यावर करता येत नाही. ते आरंभीच ठरवावे लागते. आमच्या खासबागेतील विणकर हे चांगले जाणतात. ताणा मागावर चढण्यापूर्वीच रंग व काठ ठरलेला असतो. बाणा घालावयास बसल्यावर काठ बदलतो म्हणून चालत नाही.

योजनेच्या चार पायऱ्या

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाने या विषयावर एक मार्गदर्शिका तयार केली असून तिने योजनेच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. तळमजल्यावर गाळे, पहिल्या मजल्यावर सभागृह आणि वर विद्यार्थ्यांचे वसतिगृह, अशी एक संकल्पित इमारत डोळ्यांपुढे ठेवून त्या पाहू.

पहिली पायरी उपयोग ठरविण्याची. प्रतिरूप कशासाठी हवे? मालाची परिमाणे काढण्यासाठी, निरनिराळ्या कामांतील अडथळे आधी शोधण्यासाठी, की इमारत झाल्यावर तिची देखभाल करण्यासाठी? प्रत्येक उपयोगापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : लाभ किती, ते करू शकणारा मनुष्य आपल्याजवळ आहे काय, आणि त्यास खर्च किती. विचार शेवटाकडून आरंभाकडे करावा. पंधरा वर्षांनी वसतिगृहात नळ गळू लागला, तर तेव्हाच्या चिटणीसाला भिंत न फोडता नळाची जागा कळावी, असे वाटत असेल तर ती माहिती आजच मागून ठेवली पाहिजे. सभासदांना पडद्यावर दाखविण्याचे सुंदर चलच्चित्र हा उपयोग यादीत शेवटी आला तरी बिघडत नाही.

दुसरी पायरी क्रम लावण्याची. कोणी आधी काम करावयाचे, त्याचे काम कोणाच्या हाती जावयाचे, आणि चौघांची प्रतिरूपे कोणत्या दिवशी एकत्र करून तपासावयाची, याचा तक्ता करावा. सळई बांधण्यापूर्वी ही तपासणी होईल, अशीच तारीख त्यात असावी.

तिसरी पायरी माहितीच्या देवघेवीची. कोणी, केव्हा, किती बारकाव्याची माहिती द्यावयाची? त्यासाठी १०० पासून ५०० पर्यंतची एक श्रेणी प्रचलित आहे. १०० म्हणजे केवळ खूण. २०० म्हणजे अंदाजे आकार. ३०० म्हणजे नेमके माप. ४०० म्हणजे कारखान्यात वस्तू घडविण्याइतका तपशील. आणि ५०० म्हणजे प्रत्यक्ष जागेवर पडताळलेली स्थिती. येथे आपल्या श्रावकधर्मातील परिग्रह-परिमाण व्रताची आठवण ठेवावी. संग्रहाला मर्यादा हवी, हे माहितीलाही लागू आहे. बिजागरीच्या स्क्रूपर्यंतचा तपशील मागितला तर पैसा व वेळ दोन्ही जातील आणि तो तपशील कोणी पाहणारही नाही. ज्या माहितीचा उपयोग पहिल्या पायरीत लिहिलेला नाही, ती मागू नये.

चौथी पायरी व्यवस्थेची. प्रणाली कोणत्या, साठवण कोठे, आणि जबाबदारी कोणाची, हे करारात लिहावे. 'आयएफसी' नावाचा एक खुला साचा उपलब्ध आहे. त्यात प्रतिरूप मिळाले तर एका कंपनीच्या प्रणालीवर कायमचे अवलंबून राहावे लागत नाही. सर्व कागदपत्रांचे स्थान एकच असावे व त्यात चार कप्पे असावेत : चालू काम, परस्परांस दाखविलेले, मंजूर आणि दप्तरी ठेवलेले. कच्ची वही आणि पक्की वही वेगळी ठेवणाऱ्यांना हा भेद नवा नाही. गवंड्याच्या हाती जावयाचे चित्र मंजूर कप्प्यातूनच जावे, हा दंडक पाळला तरी निम्मी भांडणे मिटतील.

आपला व्यापार आणि ही पद्धती

लोखंड, सिमेंट, फरशी, विजेचे सामान आणि नळसाहित्य यांचा व्यापार करणाऱ्या बंधूंनी याकडे दुसऱ्या अंगानेही पाहावे. मोठी कंत्राटे या पद्धतीने होऊ लागली की मागणी मोजून आणि तारखेसह येते. अंदाजे जादा माल उचलून उरलेला परत पाठविण्याची चाल कमी होईल. उलट जो व्यापारी आपल्या मालाचे नेमके माप, वजन, प्रत आणि पोचविण्याचा दिवस लेखी देऊ शकेल, त्याचे नाव यादीत राहील. आपल्या घरांतील जी मुले-मुली अभियांत्रिकी शिकत आहेत, त्यांनी ही विद्या आत्मसात केली तर पेढीलाही तिचा लाभ होईल.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगणे कर्तव्य आहे. प्रतिरूप तितकेच खरे, जितकी त्यात भरलेली माहिती खरी. जागेवर केलेला बदल त्यात नोंदविला नाही, तर खोट्या वहीपेक्षा त्याची किंमत अधिक नाही. पाया खोदताना निघणारी जमीन संगणक पाहत नाही. त्यासाठी मातीची परीक्षाच करावी लागते. दोन खोल्यांच्या घरासाठी एवढा खटाटोप नको. तेथे वरील चार प्रश्न कागदावर लिहिले तरी पुरे.

आपल्या बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती इ. स. १२०४ मध्ये रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने उभारविली. तिच्या छतातील दगडी कमळ पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. अशा छताचा प्रत्येक दगड कोठे बसावयाचा, हे तो वर चढण्यापूर्वी ठरवावेच लागते. वर गेलेला दगड पुन्हा खाली आणणे सोपे नसते. साधने बदलली, परंतु बांधण्याआधी संपूर्ण वास्तू मनात उभी करण्याची गरज बदललेली नाही.

यास्तव संघाच्या किंवा कुटुंबाच्या कोणत्याही मोठ्या बांधकामाचा ठराव होईल, तेव्हा वास्तुशिल्पी नेमण्यापूर्वीच्या सभेत तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्याव्यात : प्रतिरूपाचा उपयोग कशासाठी, माहिती कोणी व केव्हा द्यावयाची, आणि काम संपल्यावर पडताळलेले प्रतिरूप कोणाच्या ताब्यात राहावयाचे. एवढे झाले तर दात्याने दिलेला पैसा कोठे गेला, हे विचारण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही; मंडळास ते आधीच सांगता येईल.