वाफ वाचते कोठे?

रसायनांच्या कारखान्यात सर्वांत अधिक इंधन पदार्थ तयार करण्यात खर्च होत असावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. अभिक्रिया स्वस्तात उरकते. पैसा जातो तो तयार झालेल्या मिश्रणातून हवा तो पदार्थ वेगळा काढण्यात. शॉल आणि लाइव्हली या दोन अमेरिकन अभियंत्यांनी २०१६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, अमेरिकेतील उद्योगधंद्यांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे निम्मी ऊर्जा या वेगळे काढण्याच्या कामी येते. त्यातला मोठा वाटा ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ करणे आणि ती वाफ पुन्हा थंड करणे या जुन्या खटाटोपाचा आहे.

मिथिल ॲसिटेटचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. ॲसिटिक आम्ल आणि मिथेनॉल एकत्र आले की मिथिल ॲसिटेट आणि पाणी तयार होते. परंतु हे नवे दोघे पुन्हा संयोग पावून मूळ पदार्थांत परततही असतात. त्यामुळे साधारण दोन-तृतीयांश मजल गाठली की अभिक्रिया जागच्या जागी थांबल्यासारखी होते. विद्यार्थी यास रासायनिक समतोल म्हणतो आणि परीक्षेत त्याचे गुण मिळवतो. कारखान्याला मात्र या समतोलाचे बिल भरावे लागते. बाहेर पडणाऱ्या मिश्रणात चार पदार्थ असतात. त्यांतील दोन वेगळे करून पुन्हा पात्रात धाडावयाचे असतात, आणि प्रत्येक फेरीला नवी वाफ लागते.

त्यात आणखी एक विघ्न आहे. साखर कारखान्याच्या आसवनीतील मद्यार्क साध्या ऊर्ध्वपातनाने सुमारे ९५.६ टक्क्यांच्या पुढे शुद्ध होत नाही, कारण त्या टप्प्यावर द्रवाचे आणि त्याच्या वाफेचे घटकप्रमाण एकच होते. मग कितीही उकळा, फरक पडत नाही. मिथिल ॲसिटेट अशी घट्ट जोडी पाण्याशी जमवते आणि मिथेनॉलशीही. त्या जोड्या फोडण्यासाठी एकामागून एक स्तंभ उभे करावे लागत, आणि प्रत्येक स्तंभाच्या तळाशी वाफेची मागणी असे.

अमेरिकेतील टेनेसी राज्यात किंग्जपोर्ट येथे ईस्टमन कंपनीने १९८३ मध्ये दगडी कोळशापासून ॲसिटिक अनहायड्राइड बनविण्याचा कारखाना सुरू केला. सेल्युलोज ॲसिटेटसाठी ते रसायन हवे होते, आणि १९७३ च्या तेलटंचाईनंतर खनिज तेलावर विसंबून राहणे शहाणपणाचे उरले नव्हते. या साखळीतील एक कडी म्हणजे अतिशुद्ध मिथिल ॲसिटेट. अग्रेडा आणि पार्टिन या अभियंत्यांनी त्यासाठी अभिक्रियापात्र आणि त्यामागची स्तंभांची रांग दोन्ही मोडीत काढून सारे काम एकाच स्तंभावर सोपविले. १९८४ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. मूळ कल्पना जुनीच होती. बॅकहाउस यांनी १९२० च्या दशकात तिची पेटंटे घेतली होती. पण कल्पना सुचणे निराळे आणि ती कारखान्यात अहोरात्र राबविणे निराळे.

या स्तंभाची रचना समजून घेण्यासारखी आहे. ११८ अंशांना उकळणारे जड ॲसिटिक आम्ल वरच्या भागात सोडतात आणि ६५ अंशांना उकळणारे हलके मिथेनॉल खालच्या भागात. एक खाली उतरते, दुसरे वाफ होऊन वर चढते, आणि मधल्या पट्ट्यात गंधकाम्लाच्या सान्निध्यात दोघांची गाठ पडते. मिथिल ॲसिटेट ५७ अंशांनाच उकळत असल्यामुळे तयार होताच वर निघून जाते, पाणी खाली उतरते, आणि उत्पादने अशी सतत हलविली गेल्यामुळे समतोलाला ठाण मांडून बसण्यास अवसरच मिळत नाही. खरी खुबी यापुढे आहे. वरून उतरणारे आम्ल वाटेत पाण्याला आपल्याकडे ओढून घेते आणि मिथिल ॲसिटेटची पाण्याशी जमलेली जोडी फोडते. जो कच्चा माल, तोच जोडी फोडणारा द्रव. त्यासाठी बाहेरून तिसरा पदार्थ आणून पुढे तो परत मिळविण्याचा खर्च उरत नाही. जेफ्री सिरोला यांनी केलेल्या तुलनेनुसार जुन्या आराखड्याच्या मानाने भांडवल आणि ऊर्जा दोन्ही सुमारे एक-पंचमांशावर आली. यंत्रांचा विचार बाजूला ठेवून आधी कामांचा विचार करावा, हा सिरोला यांचा आग्रह होता. अभिक्रियेचा आणि ऊर्ध्वपातनाचा अभ्यासक्रम अलग तासांना, अलग प्राध्यापकांकडून शिकविणाऱ्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तो मनावर घ्यावयास हवा.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. अभिक्रियेतून निघणारी उष्णता आयती वापरता येते म्हणून ही बचत होते, असे सांगितले जाते. मिथिल ॲसिटेटच्या बाबतीत ती उष्णता किरकोळ असते; वाचतात त्या फेऱ्या. पेट्रोलमध्ये मिसळावयाच्या एमटीबीई या द्रव्याच्या बाबतीत मात्र तो युक्तिवाद खरा ठरतो. ती अभिक्रिया चांगलीच उष्ण असते आणि तिची उष्णता स्तंभातच द्रवाची वाफ करण्याच्या कामी येते. ह्यूस्टन येथे १९८१ मध्ये असा स्तंभ सुरू झाला. पुढे भूजल दूषित झाल्यामुळे कॅलिफोर्नियाने २००४ च्या आरंभापासून पेट्रोलमधील एमटीबीईवर बंदी घातली. स्तंभात दोष नव्हता. जे बनत होते त्यात होता.

शिवाय असा स्तंभ चालविणे सोपे नाही. साध्या स्तंभात शुद्धता घसरली तर माथ्यावरचा अधिक द्रव परत खाली सोडावा आणि तळाची वाफ वाढवावी, हा कामगारांच्या अंगवळणी पडलेला उपाय. येथे तो मर्यादेबाहेर गेला तर तयार माल अभिक्रियेच्या पट्ट्यात परततो, आणि इंधन अधिक जाळून उत्पादन मात्र घटते. दोन्ही कच्च्या मालांचे प्रमाणही काटेकोर ठेवावे लागते. जे जास्त पडेल ते मालात मिसळून बाहेर येते. सगळ्यांत मोठी अट अशी की, अभिक्रिया आणि उकळणे दोन्ही एकाच तापमानाला सोयीचे असले पाहिजे.

महाराष्ट्रात उसाच्या मद्यार्कापासून इथिल ॲसिटेट बनते. नावांतील साम्यामुळे किंग्जपोर्टचा आराखडा येथे तसाच लागू पडेल असे वाटते. पण इथेनॉल ७८ अंशांना आणि इथिल ॲसिटेट ७७ अंशांना उकळते, आणि माथ्यावर इथिल ॲसिटेट, इथेनॉल व पाणी यांचे त्रिकूट एकत्रच येऊन बसते. शेजाऱ्याचा अंगरखा येथे बेताचाच बसतो.

याउलट वाया जाणाऱ्या पातळ ॲसिटिक आम्लाचा प्रश्न या पद्धतीला अगदी अनुकूल आहे. आम्ल आणि पाणी वेगळे करावयाचे म्हणजे बहुतेक पाणीच उकळावे लागते, आणि एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. त्यापेक्षा त्यात मिथेनॉल घालून आम्लाचे मिथिल ॲसिटेट केले तर ते हलके द्रव्य माथ्यावरून निघते आणि पाणी न उकळता तळाशी राहते. मुंबईच्या प्राध्यापक मनमोहन शर्मा आणि संजय महाजनी यांनी या स्तंभांच्या औद्योगिक उपयोगांचा आढावा २००३ च्या एका ग्रंथात घेतला आहे. असे पातळ आम्ल सांडपाण्यात सोडणाऱ्या कारखान्याने दर किलो आम्लामागे मिथेनॉलचा खर्च किती आणि वाचलेली वाफ किती, एवढे दोनच आकडे प्रथम कागदावर मांडावेत.