घामाला न जुमानणारा पापुद्रा

मे महिन्यात बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या मैदानावर सामना असला, की कित्येक खेळाडू उन्हापासून बचाव करणारे मलम तोंडाला लावून येतात. थोड्याच वेळात घामाच्या धारा लागतात. मग मलम वाहून का जात नाही? (काही मलमे जातातच!)

उत्तरासाठी आधी पांढऱ्या गोंदाकडे पाहू. १९५९ साली सुरू झालेला फेव्हिकॉल तुमच्या घरी असेलच. तो बनवणाऱ्या कंपनीचे कार्यालय अंधेरीत आहे. त्याचा थेंब तळहातावर पातळ पसरा. दुधासारखा दिसणारा थर हळूहळू पारदर्शक होतो आणि त्याचा पापुद्रा सोलून निघतो. असे का व्हावे? गोंदात बहुवारिकाचे, म्हणजे लहान रेणू जोडून झालेल्या लांबलचक साखळ्यांचे, सूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. ते प्रकाश विखुरतात, म्हणून गोंद पांढरा दिसतो. पाणी उडून गेले की कण एकमेकांवर दाबले जातात आणि एकजीव होतात. मग प्रकाश विखुरणार कोण?

म्हणून गोंद तोंडाला फासू नका! त्याचा पापुद्रा पाण्याने मऊ पडतो. मलमात ॲक्रिलेट जातीची बहुवारिके घालतात. नुसत्या मेथिल मेथाक्रिलेटचे बहुवारिक काचेसारखे कडक असते. हसताच तडे जातील. नुसत्या ब्यूटिल ॲक्रिलेटचे चिकट राहते. दोन्ही एकाच साखळीत गुंफली, की लवचीक पापुद्रा मिळतो. काही साखळ्यांत आम्लगटही जोडतात. घाम बहुधा किंचित आम्लधर्मी असतो. त्यात असा पापुद्रा विरघळत नाही. साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात मात्र आम्लगटांवर विद्युतभार येतो, साखळ्या पाण्याशी सलगी करतात आणि पापुद्रा सुटतो.

अतिनील किरण अडवण्याचे काम मात्र पापुद्र्याचे नव्हे. ते झिंक ऑक्साइडसारखी द्रव्ये करतात. पापुद्रा त्यांना जागच्या जागी धरून ठेवतो.

मुंबईच्या दमट हवेत पाणी सावकाश उडते. म्हणून मलम मैदानात उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटे लावावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे. टॉवेलने खसाखसा तोंड पुसले असेल, तर लगेच. ‘जलाभेद्य’ वगैरे शब्दांवर विसंबू नये. अमेरिकेने २०११ सालच्या नियमांनी तसा दावा वेष्टनावर छापण्यास बंदी केली. तेथे मलम पाण्यात टिकते असे म्हणायचे, तर चाचणीनुसार ४० मिनिटे की ८० मिनिटे, हे छापावे लागते.