तापलेल्या भिंतीची कसोटी

पाणी तापविण्याचा बंब आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी आणि दोहोंमध्ये तांब्याचा पातळ पत्रा. उष्णता पलीकडे जाते. राख मात्र पाण्यात येत नाही. उष्णताविनिमयक म्हणतात तो तत्त्वतः हाच. आता विस्तवाच्या जागी अणुभट्टी आणि पाण्याच्या जागी हायड्रोजनचा कारखाना आला, म्हणजे त्या पत्र्यावर केवढी जबाबदारी पडते, ते पाहू.

नुसत्या उष्णतेने पाण्याचे विघटन करावयाचे तर दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागते. गंधक व आयोडीन यांच्या साहाय्याने तेच काम टप्प्याटप्प्याने केल्यास सुमारे ८५० अंश सेल्सिअस पुरतात. त्यात गंधकाम्ल फोडावे लागते. मात्र गंधक आणि आयोडीन पुन्हा कामी येतात, खर्च होते ते पाणी.

जपानात ओआराई येथे ३० मेगावॅट औष्णिक शक्तीची एक संशोधन-अणुभट्टी आहे. २००४ साली तिच्यातून हेलियम वायू ९५० अंशांवर बाहेर काढण्यात आला. परंतु भट्टीच्या गाभ्यातून फिरून आलेला वायू कारखान्यात कसा न्यावा? म्हणून मध्ये उष्णताविनिमयक आणि त्याच्या पलीकडे निराळा, स्वच्छ हेलियम.

एवढ्या तापमानास साधे पोलाद वितळत नाही. पण सततच्या ताणाखाली ते हळूहळू लांबत जाते व अखेर फाटते. यास्तव नळ्या हॅस्टेलॉय एक्सआर या निकेलप्रधान मिश्रधातूच्या केल्या आणि तापून प्रसरण पावण्यास वाव राहावा म्हणून मळसूत्रासारख्या वळविल्या. दोन्हीकडील दाब जवळजवळ सारखाच, सुमारे ४० वातावरणे, ठेवतात. त्यामुळे नळीवर ताण थोडा पडतो. कारखान्याकडील दाब किंचित अधिक असतो, म्हणजे चीर पडलीच तर वायू आत शिरेल, बाहेर येणार नाही.

तरीही एक चोरवाट उरते. हायड्रोजनचाच किरणोत्सर्गी भाऊबंद जो ट्रिटियम, तो तापलेल्या धातूतून छिद्रावाचूनही झिरपतो. आणि पलीकडे उकळते गंधकाम्ल धातूला खाते. तेथे सिलिकॉन कार्बाइडसारखे चिनीमातीच्या जातीचे पदार्थ वापरावे लागतात.

२०१० साली ही भट्टी ९५० अंशांवर सलग ५० दिवस चालली. कारखान्याला मात्र वर्षानुवर्षे चालावयाचे असते. अणूच्या उष्णतेवर हायड्रोजन मिळेल की नाही, याचा निकाल शेवटी काही मिलिमीटर जाडीच्या त्या भिंतीच्या आयुष्यावर अवलंबून आहे.