पद्मपाणीचे सॅच्युरेशन

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भित्तिचित्राची जी छायाचित्रे हल्ली मोबाइलवर फिरतात, त्यांतील सॅच्युरेशन इतके चढवलेले असते की गेरूचा संयत तांबूसपणा शेंदरी होतो आणि भुवया-ओठांवरील नाजूक छायांकन सपाट रंगात बुडून जाते. वस्तुतः भिंतीवरची पिवळसर झाकही सर्वस्वी मूळची नव्हे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने पाचारण केलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांच्या रक्षणार्थ लावलेले लाखेचे रोगण कालांतराने पिवळे पडले. तेवढा पिवळेपणा व्हाइट बॅलन्सने बेताने उतरवणे मला ग्राह्य वाटते. परंतु गळालेल्या गिलाव्याच्या जागी यंत्राकडून नवा चेहरा भरून घेणे, हा (कितीही लाइक मिळोत) सरळसरळ दस्तऐवजात खाडाखोड करण्याचा मामला झाला. असे चित्र टाकायचेच असेल, तर शेजारी मूळ छायाचित्रही कृपया जोडावे.