छप्पर नेमकं कुठपर्यंत?

पॅरिसमधल्या दुकानाचा किंवा घराचा भाडेकरार इंग्रजीत आणायला घेतला, की मी कायद्याच्या कलमांआधी इमारतीचं वर्णन वाचते. कलमांची भाषा ठरीव असते. जुन्या करारांत तिचे पर्याय सापडतात. भिंत, छप्पर, माळा, फरशी हे शब्द मात्र दिसायला साधे असतात आणि खर्च कुणाच्या माथी पडणार ते बरेचदा त्यांच्यावरच ठरतं.

फ्रेंच दिवाणी संहितेचं कलम ६०६ घ्या. मोठ्या दुरुस्त्या कोणत्या, ते त्यात दिलं आहे: भार पेलणाऱ्या भिंती, कमानी, तुळया आणि संपूर्ण ‘कुव्हर्त्यूर’. संरक्षक आणि कुंपणाच्या भिंती पूर्ण नव्याने बांधणंही त्यात येतं. बाकी सारी डागडुजी. २०१४च्या पिनेल कायद्यानंतर झालेल्या व्यापारी करारांत हा मोठा खर्च भाडेकरूच्या गळ्यात घालता येत नाही. म्हणजे ‘कुव्हर्त्यूर’चा अर्थ कुठपर्यंत जातो, यावर मोठ्या रकमा अवलंबून.

कुव्हर्त्यूर म्हणजे छपराचं सर्वांत वरचं आवरण. पॅरिसमध्ये अनेकदा ते जस्ताच्या पत्र्यांचं असतं. पत्र्यांखाली लाकडी फळ्या आणि त्यांखाली ‘शार्पांत’, म्हणजे लाकडी सांगाडा. कोकणातल्या घरात कौलं, रिपा आणि वासे वेगळे मोजतात, तसंच हे. इंग्रजीत सगळ्याला सरसकट ‘रूफ’ लिहिलं, तर मूळ करारातली हद्दच पुसली जाते. म्हणून मी आवरणाला ‘रूफ कव्हरिंग’ आणि सांगाड्याला ‘रूफ टिंबर्स’ लिहिते, आणि करारभर तेच शब्द पाळते.

क्षेत्रफळाचंही असंच. उतरत्या छपराखालच्या खोलीत जमीन भरपूर दिसते, पण १.८० मीटरपेक्षा कमी उंचीचा भाग मोजणीत धरत नाहीत. शिवाय मोजण्या दोन. सहनिवासी इमारतीतली जागा विकताना १९९६चा कारेझ कायदा लागतो. राहण्यासाठी भाड्याने देताना ‘स्युर्फास आबिताब्ल’, म्हणजे राहण्याजोगं क्षेत्रफळ, लिहावं लागतं. बंदिस्त व्हरांडा पहिल्यात धरतात, दुसऱ्यात नाही. एकाच घराचे दोन आकडे निघू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. कार्पेट आणि बिल्ट-अपचा घोळ पाहिलेल्या आपल्या वाचकाला हे पटकन कळेल. इंग्रजीत नुसतं ‘फ्लोअर एरिया’ लिहून भागत नाही. कोणत्या नियमाने मोजलं, ते सोबत यावंच लागतं.

मजल्यांसाठी आधी वाचक विचारून घ्यावा लागतो. फ्रेंच ‘प्रमिए एताज’ हा आपल्यासारखाच तळमजल्याच्या वरचा. लंडनच्या वाचकासाठी तो ‘फर्स्ट फ्लोअर’, न्यूयॉर्कच्या वाचकासाठी ‘सेकंड’.

मला सर्वांत जास्त वेळ लागतो तो ‘एता दे लियू’ला. किल्ली देताना आणि परत घेताना होणारा हा जागेचा पंचनामा. खोलीगणिक दार, खिडकी, भिंत, जमीन. लाकडी जमिनीपुढे कधी ‘प्वँ द ओंग्री’ लिहिलेलं असतं, कधी ‘बातों रोंप्यू’. दोन्ही नागमोडी, घाईत एकसारख्याच दिसतात. मी फोटो मोठा करून पट्ट्यांची टोकं बघते. टोकं तिरकी कापून मधोमध सरळ रेषेत भिडली असतील, तर प्वँ द ओंग्री, इंग्रजीत ‘शेव्हरॉन’. टोकं काटकोनी असून पट्टी शेजारच्या पट्टीच्या कडेला टेकली असेल, तर बातों रोंप्यू, इंग्रजीत ‘हेरिंगबोन’. चुकीचा शब्द गेला, तर जागा सोडताना भाडेकरूकडून नसलेल्या जमिनीची भरपाई मागितली जाऊ शकते.

म्हणून फोटो आणि इमारतीचा उभा छेद मागितल्याशिवाय मी काम सुरू करत नाही. काही ग्राहकांना हा फाजील चिकित्सकपणा वाटतो. पण वाद झाला, तर इंग्रजी वाचणारा भाडेकरू याच मजकुरावर विसंबून आपली बाजू ठरवणार. आपण कशावर सही केली, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे. तो त्याचा हक्क आहे.