जनरेटरलाही अधूनमधून राबवावं लागतं

आम्ही दोघी जावा, मुलुंडच्या. मुंबईत वीज जातेच कुठे, असं तुम्ही म्हणाल. पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास वीज गेली आणि लोकलसुद्धा थांबल्या. आमच्या बैठ्या घरामागचा डिझेल जनरेटर त्या दिवशी चालूच होईना. बिघाड काही नव्हता. कित्येक महिने कुणी हात न लावल्यामुळे बॅटरी उतरली होती.

तेव्हापासून आम्हाला त्याचा नादच लागला. महिन्यातून एकदा अर्धा तास चालवतो, तोही पंखे आणि पाण्याचा पंप जोडून. रिकामं चालवलं तर इंजिन पुरेसं तापत नाही, न जळलेलं डिझेल आणि काजळी आत साचते. आधी ऑइलची पट्टी पुसून, पुन्हा बुडवून पाहतो. टाकी पार रिकामी होऊ देत नाही, नाहीतर नळीत हवा शिरते आणि मग ती काढत बसा!

जनरेटर घरात, पडवीत, बंद गोठ्यात किंवा खिडकीखाली कधीच ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, गरगरतं, झोपलेला माणूस तर उठतच नाही.

आणि दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर घरच्या सॉकेटमध्ये खुपसू नका. वीज उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमध्ये तिचा दाब वाढतो आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. त्यासाठी चेंजओव्हर स्विच असतो. तो जाणकार वायरमनकडूनच बसवून घ्या. आमच्याकडे एका दुपारीच काम झालं.