प्रेस्टनची दुपार आणि धोतराचा काठ

प्रेस्टन (इंग्लंड) : मँचेस्टरहून रेल्वेनं पाऊण तासावर हे गाव. इथल्या गिरण्या कापसावर जगल्या, आणि कापूस म्हटलं की वऱ्हाडातल्या बडनेऱ्याचा माणूस थांबतोच. म्हणून इथल्या हॅरिस संग्रहालयासाठी एक दुपार राखून ठेवली होती.

एडमंड हॅरिस या वकिलानं मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून ही वास्तू झाली. ती १८९३ साली उघडली. ग्रंथालय आणि चित्रदालन एकाच छपराखाली, आणि तिकीट नाही. पुस्तकं बदलायला आलेली माणसं जाता जाता वर चित्रं पाहून येतात. जेम्स गन यांनी १९४४ साली रंगवलेलं पिवळ्या पोशाखातल्या पत्नी पॉलिनचं चित्र गावाचं लाडकं आहे. इथली आणखी एक रीत मला फार मोलाची वाटली : कोठारातली वस्तू पाहायची असेल तर आधी पत्र लिहून वेळ मागता येते.

मी मागितले होते फोर्ब्स वॉटसनचे कापडाच्या नमुन्यांचे ग्रंथ. त्यांच्या काळाची पार्श्वभूमी अशी : अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ पासून लँकेशायरचा कापूस आटला, गिरण्या बंद पडल्या. प्रेस्टनच्या बेकार मजुरांना बागा तयार करायच्या कामावर लावलं. एव्हनहॅम पार्क त्यातलीच. त्याच काळात वऱ्हाडात कापसाचे भाव कडाडले आणि वावरंच्या वावरं पऱ्हाटीखाली गेली. १८६७ साली आपल्या बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलेल्या या वॉटसननं १८६६ साली हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवून घेतले. असे २० संच. त्यातले १३ ब्रिटनमध्ये राहिले, ७ हिंदुस्थानात गेले. हेतू उघड होता : आपली माणसं काय नेसतात ते गिरणीवाल्यांनी पाहावं आणि तसंच विणून आपल्यालाच विकावं.

टेबलावर एक खंड उघडला. जाडसर कागदावर धोतराचा वीतभर तुकडा, काठ लाल. दीडशे वर्षांनंतरही रंग विटलेला नाही. काठाजवळ सूत थोडं जाड झालेलं. विणणाऱ्याचा हात तिथं स्पष्ट दिसतो. बाजूला छापील चिठ्ठी : लांबी, रुंदी, वजन, ठिकाण. विणकराचं नाव कुठंच नाही. पानामागून पानं पाहिली, पागोटी, लुगडी, धोतरं. एकाही कोष्ट्याचं, साळ्याचं नाव नाही.

मला याचा राग आला, आणि इतकं जपून ठेवल्याबद्दल या गावाविषयी आदरही वाटला. आपल्याकडच्या जुन्या पेट्यांत आजीची लुगडी अजून असतील. ती बोहारणीला देण्याआधी कुणी विणली, कुठल्या बाजारात घेतली, एवढं घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा. अमरावतीत कापसाचं आणि कापडाचं असं एखादं दालन उघडलं, तर त्यात लावायच्या चिठ्ठ्यांवर नावं तरी असतील.